परीक्षण म्हणजे दवंडी नव्हे

नवें संगीत नाटक रंगभूमीवर आलें आणि दहापांच प्रयोगांत बसलें, कीं त्याच्या मृत्यूचें खापर कोणाच्या तरी माथीं फोडावें लागतें. हल्लीं तें बहुधा परीक्षणकाराच्या माथीं फुटतें. वर्तमानपत्रांनीं चार ओळी बऱ्या लिहिल्या असत्या तर प्रेक्षक आले असते, असें निर्माते म्हणतात. या मरणोन्मुख कलेस हात द्यावयाचा सोडून टीकाकारांनीं तिच्या चुका मोजल्या, असें तिचे अभिमानी म्हणतात. आणि गंमत अशी कीं, परीक्षणकारहि हा आरोप मनांतल्या मनांत सुखानें ऐकून घेतात. ज्याच्यावर मारण्याचा आळ येतो त्याच्या अंगीं तारण्याचें सामर्थ्य आपोआपच गृहीत धरलें जातें, आणि असें सामर्थ्य कोणास नको असतें? आमच्या मतें दोन्ही पक्षांची समजूत खोटी आहे. संगीत नाटकाला त्याचा प्रेक्षक परीक्षणानें मिळवून दिला असें फारसें कधीं घडलेलें नाहीं, आणि मिळालेला प्रेक्षक परीक्षणानें हिरावून घेतला असेंहि घडलेलें नाहीं. परंतु परीक्षणाचें म्हणून जें काम आहे, तें मात्र आज क्वचितच कोणी करतो, आणि त्याची किंमत नव्या संगीत नाटकास मोजावी लागत आहे. हें म्हणणें थोडें विस्तारानें मांडावयाचें आहे.

प्रथम इतिहासाकडे पाहूं. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतला'चे पहिले चार अंक करून दाखविले. त्या रात्रीं जमलेली मंडळी कोणाचें परीक्षण वाचून आली नव्हती. कालिदासाची कथा त्यांस ठाऊक होती. साकी, दिंडी, ओंवी यांच्या चाली कीर्तनांतून कानांत मुरलेल्या होत्या. नवें होतें तें एवढेंच, कीं भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार सर्वांच्या वतीनें गात असे, तेथें आतां पात्रें स्वतःच्या तोंडानें गाऊं लागलीं. जुन्या चाली नव्या तोंडून ऐकावयास मिळाल्या म्हणून लोक गेले. दोन वर्षांनीं 'सौभद्र' आलें, तें अद्यापि चालू आहे. १८८२ सालीं 'सौभद्रा'बद्दल कोणी काय लिहिलें हें आज सांगूं शकणारा माणूस विरळा. त्यांतलीं पदें म्हणूं शकणारीं माणसें मात्र कोंकणांत आणि गोव्यांत गांवोगांव भेटतील. गोव्यांत देवळाच्या जत्रेस गांवकरी हौसेनें संगीत नाटक उभें करतात, रात्रभर पेटी-तबला चालतो, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकास परीक्षण या वस्तूची उणीव कधीं भासत नाहीं.

पुढें टीका आली, आणि ती दुबळी नव्हती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं आपल्या लेखनाचा आरंभच 'विविधज्ञानविस्तारां'त 'विक्रमशशिकला' या नाटकाच्या परीक्षणानें केला, आणि मग 'वीरतनय' लिहून ते स्वतः नाटककार झाले. शंकर बापूजी मुजुमदारांनीं 'रंगभूमि' नांवाचें मासिकच चालविलें. त्या काळच्या टीकेंत एक तक्रार सारखी ऐकूं येते, ती गाण्याच्या अतिरेकाची. नाटक रात्रीं सुरू होऊन पहाटेपर्यंत लांबतें, शोकाच्या ऐन प्रसंगीं नायिका ताना घेते, 'वन्समोअर' झाला कीं कथानक जागच्या जागीं थांबून तेंच पद पुन्हां सुरू होतें, हें गाऱ्हाणें मराठी टीकेनें किती वेळां मांडलें त्यास गणती नाहीं. प्रेक्षकांवर त्याचा परिणाम काय झाला? कांहीं नाहीं. १९११ सालीं 'मानापमान' आलें, गोविंदराव टेंब्यांनीं त्यास चाली दिल्या, बालगंधर्व भामिनी झाले. १९१६ सालीं 'स्वयंवर' आलें, त्यास भास्करबुवा बखल्यांच्या चाली. आणि टीकाकार बोटें मोडीत असतां प्रेक्षक पुन्हां पुन्हां तींच पदें मागून घेत राहिले. ता. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं 'संयुक्त मानापमान' केलें, तेव्हां लोकांस ओढून आणणारी गोष्ट एकच होती: हे दोन गळे एका रात्रीं ऐकावयास मिळणार. त्याबद्दल दुसऱ्या दिवशीं कोण काय लिहील याची फिकीर त्या गर्दींत कोणास असेल असें वाटत नाहीं.

मग ती सारी टीका वाया गेली काय? मुळींच नाहीं. ती निराळ्याच ठिकाणीं जाऊन रुजली. ता. १ जुलै १९३३ रोजीं 'नाट्यमन्वंतर' मंडळींनीं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें. पदें मोजकीं ठेविलीं, स्त्रीभूमिका स्त्रियांकडे दिल्या, आणि चाली केशवराव भोळ्यांनीं अशा बांधिल्या कीं त्यांत गळ्यापेक्षां शब्दाला मान मिळावा. वीसपंचवीस वर्षें टीकाकार जें ओरडून सांगत होते, तें त्या रात्रीं दिसलें. ती संस्था अल्पायुषी ठरली खरी. परंतु १९४२ सालच्या रांगणेकरांच्या 'कुलवधू'पर्यंत तें वळण पोंचलें, आणि तेथें त्याला प्रेक्षकहि भरपूर मिळाला. म्हणजे टीकेचा खरा वाचक तिकिटाच्या खिडकीपाशीं उभा नसतो. तो घरीं बसून पुढचें नाटक लिहीत असतो, किंवा पेटीवर चाल बसवीत असतो. गंधर्व मंडळीची सद्दी संपली ती टीकेनें नव्हे, बोलपटानें. १९३१-३२ सालांत हिंदी आणि मराठी बोलपट गाऊं लागले, चार आण्यांत गाणें मिळूं लागलें, आणि नाटकगृहें हळूहळू चित्रपटगृहें झालीं. यावर कोणत्याहि परीक्षणाचा इलाज नव्हता.

कोणी म्हणेल, हा आमचा मागासलेला व्यवहार. जेथें वर्तमानपत्राचें वजन मोठें, तेथें पाहा. ठीक आहे, तेथेंहि पाहूं. न्यूयॉर्कच्या नाट्यव्यवसायांत तेथील मोठ्या दैनिकाच्या टीकाकाराचा दरारा पुराणप्रसिद्ध आहे. १९३५ सालीं गर्श्विनचें 'पोर्गी अँड बेस' तेथें आलें, तेव्हां हें नाटक म्हणावें कीं संगीतिका, याचा निर्णय न झाल्यानें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें दोन टीकाकार पाठविले: नाटकाचे ब्रुक्स अ‍ॅटकिन्सन आणि संगीताचे ओलिन डाउन्स. प्रयोग १२४ झाले, आणि तेवढ्यानें खर्च निघाला नाहीं. याच अ‍ॅटकिन्सननें १९४० सालीं 'पाल जोई' या संगीत नाटकावर नाक मुरडलें. तें ३७४ प्रयोग चाललें. १९५२ सालीं तेंच नाटक पुन्हां उभें राहिलें तेव्हां त्याच टीकाकारानें त्याचें स्वागत केलें, आणि प्रयोग पांचशेंवर गेले. या बारा वर्षांत नाटक बदललें नव्हतें. त्यांतलीं गाणीं मात्र मधल्या काळांत लोकांच्या ओठीं बसलीं होतीं. लंडनमध्यें १९८५ सालीं 'ले मिझराब्ल' आलें तेव्हां बहुतेक टीकाकारांनीं त्याला झोडपलें. तिकिटांच्या खिडकीला त्या झोडपण्याची वार्ताहि लागली नाहीं. तें नाटक लंडनमध्यें अद्यापि चालू आहे. 'फँटम ऑफ द ऑपेरा'चें १९८८ सालीं न्यूयॉर्कमध्यें प्रमुख टीकाकारानें कौतुक केलें नाहीं. तें २०२३ सालीं थांबलें, तेव्हां प्रयोगांची संख्या १३,९८१ होती. उलट बाजूचा मासला पाहावयाचा तर २०१० सालचें 'द स्कॉट्सबरो बॉइज' घ्यावें. त्यास अनेकांनीं वाखाणलें, पुढें टोनी पारितोषिकांसाठीं त्याचीं १२ नामांकनें झालीं. पण तीं जाहीर होण्यापूर्वींच, ४९ प्रयोगांनंतर, नाटक बंद पडलें होतें.

गद्य नाटकाची गोष्ट थोडी निराळी असेल. गद्य नाटकाचा प्रश्न काय, पेंच कोठें, संवाद कसे, हें शब्दांत सांगतां येतें, आणि तें वाचून एखाद्यास उत्कंठा वाटूं शकते. गाणें सांगतां येत नाहीं. 'मारव्यांतलें पद सुरेख बांधलें आहे' या वाक्यानें ज्याच्या कानांत मारवा नाहीं त्याला कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि ज्याच्या कानांत आहे त्याला स्वतः ऐकल्याशिवाय राहवत नाहीं. शिवाय संगीत नाटकाच्या प्रेक्षकाची एक खोड आहे, आणि ती जगभर एकच आहे: तो ओळखीचें गाणें ऐकावयास पैसे मोजतो. जॉन गे यानें १७२८ सालीं 'बेगर्स ऑपेरा' लिहिलें तें रस्त्यांत आणि गुत्त्यांत चालत आलेल्या साठांहून अधिक चालींवर नवे शब्द बसवून. त्या एका हंगामांत लंडनमध्यें त्याचे ६२ प्रयोग झाले, आणि त्या काळच्या मानानें हा आंकडा अजब होता. (त्याच नाटकाचा नातू ब्रेख्टचें नाटक, आणि पणतू म्हणजे पु. ल. देशपांड्यांचा १९७८ सालचा 'तीन पैशाचा तमाशा'. या घराण्यांत चाली उसन्या घेण्याची लाज कोणी बाळगली नाहीं.) किर्लोस्करांनीं कीर्तनांतून घेतल्या, कोल्हटकरांनीं पारशी-उर्दू रंगभूमीवरून घेतल्या, टेंब्यांनीं ठुमरीकडून आणि बखल्यांनीं ख्यालाकडून. नव्या संगीत नाटकाचें खरें दुखणें येथें आहे. त्यांतलें प्रत्येक पद प्रेक्षकाला परकें असतें. 'सौभद्रा'चा प्रेक्षक पद सुरू होण्यापूर्वींच मान डोलावूं लागतो. नव्या नाटकाचा प्रेक्षक पद संपल्यावर शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

ही परकेपणाची भिंत पूर्वीं कशी फुटत असे? पदांचीं लहान पुस्तकें विकत मिळत, तीं लोक घरीं नेऊन गुणगुणत; ग्रामोफोनच्या तबकड्या नाटकमंडळीच्या आधीं गांवीं पोंचत; पुढें आकाशवाणी आली. १९६० सालीं विद्याधर गोखल्यांचें 'पंडितराज जगन्नाथ' वसंत देसायांच्या चाली घेऊन आलें आणि ज्या प्रकाराची तेरावी उरकून लोक मोकळे झाले होते तो प्रकार उठून बसला. गोखले स्वतः वृत्तपत्रांत मुरलेले गृहस्थ. परीक्षणाची किंमत त्यांस इतरांहून अधिक ठाऊक असणार. त्यांनीं भिस्त ठेविली ती पदांवर. त्यानंतर १९६४ सालीं 'मत्स्यगंधा' आणि १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली', दोहोंच्या चाली जितेंद्र अभिषेक्यांच्या. ज्यांनीं नाटकगृहाची पायरी चढली नव्हती त्यांच्याहि घरांत हीं पदें रेडिओवरून सकाळ-संध्याकाळ वाजत, आणि मग तीं पदें जेथें 'खरीं' म्हटलीं जातात तें ठिकाण पाहावें अशी इच्छा होणें साहजिक होतें. आज रेडिओच्या जागीं हातांतला दूरध्वनि आला आहे. पदाचा मुखडा अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत बांधून निर्माते तो घरोघरीं पाठवितात. त्यावर नाक मुरडणारे आमचे समव्यवसायी पुष्कळ आहेत. आम्ही त्यांपैकीं नाहीं. दवंडी पिटण्याचें काम त्या यंत्रानें परीक्षणापेक्षां शतपट चांगलें चालविलें आहे. तेव्हां परीक्षणानें तरी आतां ती हलगी खालीं ठेवावी.

परंतु ठेविली जात नाहीं, उलट ती अधिक जोरानें बडविली जाते. आणि आमची खरी तक्रार येथून पुढें सुरू होते. संगीत नाटकाच्या हितचिंतकांनीं एक नवीन धर्म काढला आहे. त्याचें सूत्र असें: ही कला संकटांत आहे, म्हणून तिला सवलत द्या. या सूत्रानुसार लिहिलेल्या परीक्षणाचा सांचा वाचकांच्या परिचयाचा आहे. आरंभीं किर्लोस्करांपासूनच्या वैभवशाली परंपरेचें स्मरण. मग 'आजच्या कठीण काळांत असें धाडस करणें हेंच कौतुकास्पद'. मग कथानकाचा गोषवारा, त्यांत दोन-तृतीयांश जागा खलास. मग नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा यांस एकेक विशेषण. शेवटीं 'संगीत श्रवणीय आहे' हें चारशें वेळां छापलेलें वाक्य, आणि त्याखालीं साडेतीन तारे. ज्या नाटकांत बारा-पंधरा पदें आहेत त्यांतल्या पदांस एक वाक्य, आणि तेंहि असें कीं तें कोणत्याहि नाटकास चालावें! संगीत श्रवणीय आहे म्हणजे काय? तें ऐकूं येतें एवढेंच ना? पंगतींतला पाहुणा यजमानाच्या समाधानासाठीं 'जेवण खाण्यासारखें होतें' म्हणूं लागला तर वाढपीहि त्याच्याकडे संशयानें पाहील.

या सवलतीचा तोटा कोणास होतो हें नीट पाहिलें पाहिजे. परीक्षण वाचून जाणारा प्रेक्षक थोडा असतो हें आम्हीं वर म्हटलेंच आहे. पण जो थोडा असतो तो अमोल असतो. तो जिज्ञासु असतो, घरांतल्या चौघांची तिकिटें काढतो, लांबून प्रवास करून शनिवारची रात्र खर्ची घालतो. त्याला अशा परीक्षणानें एका कच्च्या, बेसूर, ध्वनिवर्धकाच्या आश्रयानें कसेंबसें तरलेल्या प्रयोगास नेऊन बसविलें, कीं तो कोणावर रागावत नाहीं. निमूटपणें घरीं जातो आणि पुढच्या वेळीं येत नाहीं. पुढच्या वेळीं जें नाटक येतें तें कदाचित् खरोखरच चांगलें असतें. त्याच्याहि परीक्षणांत 'परंपरा', 'धाडस' आणि 'श्रवणीय' हेच शब्द असतात, कारण दुसरे शब्द शिल्लक ठेवलेलेच नाहींत. अशा रीतीनें वाईट नाटकावरची दया चांगल्या नाटकाच्या मुळावर येते. कठोर परीक्षणानें मेलेलें एकहि संगीत नाटक आम्हांस दाखवितां येत नाहीं. मऊ परीक्षणांनीं मारलेल्या विश्वासाचा हिशेब मात्र रिकाम्या खुर्च्या मोजून कोणासहि करतां येईल.

निर्मात्यांनाहि यांत निर्दोष म्हणून सोडतां येत नाहीं. परीक्षणांतलें 'पहिला अंक संथ असला तरी दुसऱ्या अंकांतील एका पदांत गायिकेचा आवाज अप्रतिम लागला' हें वाक्य जाहिरातींत 'अप्रतिम!' होऊन बाहेर पडतें. आमचा एक जुना विद्यार्थी कांहीं काळ एका दैनिकांत नाटकांवर लिहीत असे. 'निर्दोष' या शब्दाच्या अलीकडचा 'मुळींच नाहीं असा' हा भाग कापून आपलें वाक्य फलकावर लागलेलें त्यानें पाहिलें, तेव्हांपासून तो विशेषणें लिहिण्याचेंच टाळूं लागला. त्याचें गद्य त्यामुळें फार सुधारलें, हा त्या निर्मात्याचा मराठी वाङ्मयावर उपकारच म्हणावयाचा.

असो. परीक्षणानें करावयाचें तें काय? आमच्या मतें त्यानें ऐकावें आणि काय ऐकलें तें सांगावें. संगीत नाटकांत विचारण्याचा पहिला प्रश्न राग कोणता हा नसून, पद सुरू होण्यापूर्वीं प्रसंग जेथें होता तेथून पद संपल्यावर तो पुढें सरकला कीं नाहीं, हा आहे. 'कट्यारी'मध्यें दोन घराण्यांचें वैर हाच कथेचा विषय, आणि चोरून विद्या ऐकणारा सदाशिव हा तिचा नायक. तेथें गाणें बंद करा, कथाच नाहींशी होते. आफताब हुसेन बरेलीवाल्यांच्या भूमिकेंत वसंतराव देशपांडे गात तेव्हां टाळी तानेला मिळे, पण ती तान त्या माणसाच्या अहंकाराची असे. २०१७ सालीं आलेल्या प्राजक्त देशमुखांच्या 'देवबाभळी'ंत रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन आलेली रखुमाई. आनंद ओकांचें संगीत तेथें ओवी-अभंगाच्या वाटेनें येतें, म्हणून पद नवें असूनहि कानाला परकें वाटत नाहीं. मूळ एकांकिका, पुढें व्यावसायिक रंगभूमीवर आली आणि गांवोगांव गाजली. परकेपणाच्या ज्या भिंतीबद्दल आम्हीं वर लिहिलें ती या नाटकानें कशी ओलांडली, हें पुढच्या संगीतकारास कळलें पाहिजे. आणि तें सांगण्याचें ठिकाण परीक्षणाखेरीज दुसरें नाहीं. 'घाशीराम कोतवाल' घ्या. १९७२ सालचें हें नाटक जाहिरातींत संगीत नाटक म्हणवीत नव्हतें, पण भास्कर चंदावरकरांच्या संगीतावांचून आणि गात-नाचत भिंत होणाऱ्या त्या ब्राह्मणांच्या रांगेवांचून त्यांत काय उरतें? कीर्तनाला लागून लावणी येते, आणि त्या दोहोंच्या सांध्यांत पुण्याची सारी नीति उघडी पडते. त्यावर वाद झाला तो बहुतेक इतिहासाचा आणि जातीचा. नाटक १९ प्रयोगांनंतर थांबविलें गेलें तें संस्थेच्या आंतून, आणि १९७४ सालीं 'थिएटर अ‍ॅकॅडमी'नें तें पुन्हां उभें केलें. या सगळ्या गदारोळांत त्या कीर्तन-लावणीच्या सांध्याकडे जितकें लक्ष जावयास हवें होतें तितकें गेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

असें ऐकणारा टीकाकार आणावा कोठून, असा प्रश्न येईल. आपल्याकडे तो होऊन गेला आहे. 'आंधळ्यांच्या शाळे'ला चाली देणारे केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनांवानें गवयांवर लिहीत, आणि त्यांच्या लेखांत गळ्याची तारीफ जितकी मोकळी असे तितकीच त्या गळ्याच्या संवयींची झडतीहि असे. इंग्लंडांत बर्नार्ड शॉ आधीं संगीताचा टीकाकार होता आणि मग नाटकाचा. त्याचीं नाटकाचीं परीक्षणें वाचतांना नटांचे आवाज ऐकूं येतात याचें कारण तेंच. एका माणसाच्या ठिकाणीं दोन्ही विद्या नसतील तर १९३५ सालीं न्यूयॉर्कच्या त्या दैनिकानें केलें तें करावें, दोन माणसें पाठवावींत. आमच्याकडे नाटकाचा टीकाकार गाण्याच्या वेळीं टिपणवही मिटून ठेवतो आणि मैफिलीचा टीकाकार नाटकगृहांत येतच नाहीं. त्यामुळें संगीत नाटक हा दोघांच्या मधल्या बोळांत बसलेला अनाथ आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिल्या प्रयोगास जाऊन चार दिवसांत लिहिणें हें गद्य नाटकाच्या बाबतींत एकवेळ क्षम्य असेल. संगीत नाटक पहिल्या रात्रीं तयारच नसतें. नटाचा श्वास, ऑर्गनवाल्याची साथ, पद कोठें आटोपतें घ्यावें याची समज, हें सारें प्रेक्षकांसमोर पंधरावीस वेळां म्हटल्याशिवाय येत नाहीं. अमेरिकेंत हें ओळखून नाटक आधीं परगांवीं नेण्याची चाल होती. 'ओक्लाहोमा' १९४३ सालीं न्यू हेवनला उघडलें तेव्हां त्याचें नांवहि निराळें होतें. पुढें एका गायकाचें गाणें सबंध समूहाचें झालें, त्यावरून नाटकाचें नांव बदललें, आणि मग ३१ मार्च रोजीं तें न्यूयॉर्कला आलें. पुढें त्याचे २,२१२ प्रयोग झाले. आमच्या निर्मात्यांस असें गांवोगांव फिरून नाटक मुरविणें परवडत नसेल, हें आम्ही मान्य करतों. शनिवार-रविवारच्या तारखा मिळवितांनाच त्यांच्या नाकीं नऊ येतात. पण संपादकास आपला माणूस पंचविसाव्या प्रयोगास पुन्हां पाठविणें परवडण्यासारखें आहे. दैनिकांस जागा नाहीं, हें आम्ही रोज ऐकतों. मासिकांस ती आहे. आमच्यासारख्या मासिकांनीं पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्तींचीं परीक्षणें छापावींत आणि नाटकाच्या पंचविसाव्या प्रयोगाकडे डोळेझांक करावी, याला न्याय म्हणत नाहींत.

एक आक्षेप राहिला, आणि तो आमच्या मित्रांपैकींच एका गवयाचा आहे. ते म्हणतात, तुम्ही कितीहि बारकाईनें लिहा, वाचणाऱ्याला सूर ऐकूं यावयाचे नाहींत. मग लिहितां कशाला? सूर ऐकूं यावयाचे नाहींत हें खरें. पण काय ऐकावें हें कळूं शकतें. समजा, एखाद्यानें असें लिहिलें: 'दुसऱ्या अंकांतलें भैरवीचें पद चार आवर्तनें अधिक लांबलें आणि तेवढ्यांत भांडण विझलें, पण तिसऱ्या अंकांत तीच चाल नायिका भांडीं घासतांना दोन ओळींपुरती, साथीशिवाय गुणगुणते, तेथें पहिल्या प्रयोगास कोणाचें लक्ष नव्हतें आणि विसाव्या प्रयोगास नाटकगृह स्तब्ध झालें.' हें वाचून गेलेला माणूस तिसऱ्या अंकाची वाट पाहील, आणि त्या दोन ओळी त्याला परक्या वाटणार नाहींत. हें वाचणाऱ्या संगीतकारास आपलें पद कोठें तोडावें हें कळेल. निर्मात्यास मात्र या वाक्यांतून जाहिरातीपुरते तीन शब्दहि कापून घेतां येणार नाहींत.